वेरोनाचा ठराव

मंगळवार, १४ ऑक्टोबर, नॉटिंगहॅम

आज वेरोनाला माझ्या पुस्तकातलं प्रकरण वाचून दाखवलं. आमच्या ब्लॅक महिला गटाचा इतिहास मी लिहितेय. ऐंशीच्या दशकातला तो गट; वर्णभेदाविरुद्ध सगळ्या एकत्र, म्हणून तेव्हा आम्ही आशियाई बायकाही स्वतःला ब्लॅकच म्हणवत होतो. वेरोना जमैकाची. जुन्यांपैकी आता आम्ही दोघीच इथे उरलो.

तिने डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाली, "छान. मी तेव्हा सुट्टीवर होते वाटतं?"

मी म्हटलं, सगळं बैठकांच्या इतिवृत्तांवरून लिहिलंय, त्यात तुझं नाव नाही.

"कसं असेल? तुम्ही आत ठराव करत होतात, तुमची पोरं मी सांभाळत होते. तुझी मुलगी तर चावायची."

खरं आहे. दर शनिवारी शेजारच्या खोलीत दहा-बारा मुलं आणि एकटी वेरोना. रात्रपाळीच्या बायकांसाठी कौन्सिलकडे पाळणाघर मागायचं, हे तिनेच सुचवलं होतं, दारात उभं राहून, कडेवर कुणाचं तरी मूल घेऊन. इतिवृत्तात तो ठराव माझ्या नावावर आहे. आणि इतिवृत्त लिहिणारी मीच. दारात उभी असलेली बाई हजर धरायची नाही, हा नियम कुणी केला होता? कुणीच नाही. इतकी वर्षं मात्र भाषणांत तो ठराव मी माझा म्हणून सांगत आले.

तळटीप देऊन भागेल, असं संध्याकाळभर वाटत होतं. नाही भागणार. ठराव तिच्या नावाने मजकुरातच जाईल, तो माझ्या नावावर कसा लागला त्यासकट. प्रकाशकांना थांबायला कळवलं.

वेरोनाला अजून सांगितलेलं नाही. म्हणेल, फार लवकर सुचलं तुला.