रांगेत पहिले

मे महिना, रविवार. दिवेलागण.

जाऊबाई दुपारच्या एसटीनं कन्नडला परत गेल्या, तरी डोक्यातून जाईनात.

जेवताना आमच्या पूजानं, लेकीनं, खेळ काढला होता. पिझ्झा कसा जगभर मिळतो, तशी प्रत्येक देशाची दुकानं गावोगाव निघाली तर? इराणचं कबाबचं, जपानचं भाताच्या मुटक्यांचं. मग आपल्या दुकानात काय विकायचं?

मी म्हणाले, येसर. डाळी-मसाले भाजून दळलेलं पीठ कागदी पेल्यात टाका, वर उकळतं पाणी ओता, आमटी तयार. याच्यापेक्षा झटपट काय असतं?

"अगं, पण त्याला पाणी लागतं," हे म्हणाले. सगळे हसले. दुष्काळात यांना लई विनोद सुचतात.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "मी आपली भाकरीत ठेचा गुंडाळून देईन." बस्स, एवढंच. त्यात काय नवीन? पण हे लगेच, "वहिनी, तुमचं दुकान लंडनला निघालं तरी रांगेत पहिला मी."

रांगेत. हे.

कॉलनीत टँकर येतो तेव्हा हे पेपरातून मान वर करत नाहीत. उन्हात हंडे घेऊन रांगेत मीच. आणि जे दुकान अजून उघडलंच नाही, तिथं हे पहिले? भाकरी तर मीही रोज थापते.

उगीच जळतेय का मी? व्हय, जळतेय.

उद्या टँकर येईल. दोन्ही हंडे यांच्या हातात देणार आणि सांगणार, जा, वहिनींचं दुकान उघडलंय.