दादाच्या नडगीवरचा घाव

माघ वद्य ३
दादाच्या नडगीत कुऱ्हाड घुसली. बांधावरची बाभळ तोडताना. घोंगडीत घालून आणला. वैनीचं जुनं धुतलेलं लुगडं चौपदर करून दाबून धरलं, पाय पोत्यावर उंच ठेवला. रक्त थांबेपर्यंत हात हलवला नाही. मग उकळून निववलेलं मिठाचं पाणी वरून सोडलं. माती निघाली, सालीचे तुकडे निघाले. दादा ओरडला. ओरडू दे.

आत्या शेणाचा गोळा घेऊन हजर. साऱ्या घराला तिचाच धाक. "नवरा खाल्लास, आता भावाच्या मुळावर उठलीस?"
म्हटलं, "शेण अंगणात सारवा आत्या, मासात न्हाई."
अशी कधी बोलले नव्हते. आज बोलले.

वद्य ४
ताप नाही. शेजारचा रामजी गेल्या साली असाच गेला. टाचेत काटा, वर शेण, मग दातखीळ, अंगाची कमान. धनुर्वात. ते तोंड विसरत नाही.
आपल्या कुऱ्हाडीलाही मातीच होती. धुतलं म्हणून टळेलच असं नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईसुद्धा म्हणत नसत. त्यांच्या हाताखाली पट्ट्या उकळण्यात माझी विधवापणाची वर्षं गेली. तिथंच लिहायला शिकले. एवढंच माझं धन.
सकाळी दादाला मुद्दाम बोलायला लावलं. त्यानं शिव्या दिल्या. जबडा चांगला उघडतो.

वद्य ५
वैनीला बजावलं, पट्टीला हात लावलास तर रिठ्यानं हात धुतल्याबिगर बाळाला घ्यायचं नाही. मळकी पट्टी चुलीत. साफ पट्टी उकळून उन्हात, आणि वाळली की डब्यात, माशी बसता कामा नये. आत्या म्हणते, "लई सोवळं हाय हिचं." असू दे.

वद्य ६
पाण्याला गेलते. येऊन बघते तर पट्टी सोडलेली, शेण बांधलेलं. दादानंच आत्याकडून बांधून घेतलं!
सोडायला बसले. मनगट धरलं त्यानं. "हात लावशील तर घराबाहेर काढीन."
"काढ. पण आदी पाय पुढं कर."
कुणीच हलेना. वैनी, जी दादापुढं मान वर करीत नाही, तिनं चुलीवरचं पातेलं आणून आदळलं. "करा की पुढं!"
केला.
पुन्हा सगळं धुतलं. दादा भिंतीकडं तोंड करून. मी रडले नाही. म्हणजे गोठ्यात जाऊन रडले.

वद्य ८
काठ लाल, गरम. थोडा पू. दिवसभर ताप. लाली गुडघ्याकडं चढली तर गाडी जुंपून बीडच्या सरकारी दवाखान्यात, हे सगळ्यांसमोर सांगून ठेवलं. आत्या म्हणाली, "तिथं पाय कापत्यात." म्हटलं, "कापू द्या. भाऊ राहील." दादानं ऐकलं. आज शिव्या नाहीत. त्याचीच भीती वाटली. "आ कर," म्हटलं. केला.

वद्य ११
लाली उतरली. ताप नाही. आत गुलाबी मास दिसतं. आत्याला बोलावून दाखवलं. "देवाची कृपा," म्हणाली. असेल. पाणी मी उकळलं होतं.

फाल्गुन शुद्ध २
दादाचा पाय मी बरा केला हे गावभर झालंय. पाटलाचा माणूस येऊन अंगणातूनच ओरडला, "विधवा बाईनं कुणाच्या जखमेला हात लावायचा न्हाई, हुकूम हाय. न्हाई ऐकलं तर घर वाळीत."
म्हटलं, "मी कुणाला बोलवायला जात न्हाई. आलेल्याला हाकलणार बी न्हाई. असंच सांगा त्यांना, शब्द बदलू नका."
आत्या कपाळावर हात मारून बसली. दादा पायाकडं बघत राहिला. वाळीत म्हणजे पाणवठा बंद, वैनीचं माहेर बंद. झोप कसली.

शुद्ध ४
माळावरच्या मेंढपाळांची एक बाई आली, गोठ्याच्या बाजूनं. लोकर कातरताना तळव्यात कातर घुसलेली, फडकं रक्तानं भिजलेलं. "मागनंच येते बाई, कुणी बघाया नगं."
म्हटलं, "घट्ट दाबून धर, हात वर ठेव. आणि पुढून ये."
पुढच्या दारात दादा बसलेला, दुखरा पाय उंबऱ्यावर आडवा. समोर पारावर पाटलाचा तोच माणूस, आमच्या दाराकडं डोळे लावून. दादानं त्याच्याकडं पाहिलं. बाईच्या हाताकडं पाहिलं.
मग दोन्ही हातांनी उचलून पाय आत घेतला.
बाई उंबरा ओलांडून आली. पारावरचा माणूस उठला, पाटलाच्या घराकडं गेला. वैनीनं चुलीवर पाणी ठेवलं होतं, मी न सांगता. मी रिठे घेतले आणि हात धुवायला बसले.