दोन सीटांची गाडी आणि आईचे गुडघे

१ नोव्हेंबर, शनिवार
घेतली. जुनी आहे, नऊ वर्षांची. गडद हिरवी, दोनच सीटा, बटण दाबलं की छप्पर मागे दुमडून जातं. ठाण्याहून स्वतः चालवत आणली. पन्नाशीला चार महिने उरलेत आणि आजवर घरात आलेली प्रत्येक गाडी 'सगळ्यांना पुरेल अशी' होती. ही पुरणार नाही. मुद्दामच.

प्रकाश गेटपाशी उभा होता. लग्नाला चोवीस वर्षं झाली, तरी नवऱ्याचा चेहरा वाचता येतो असं नाही. गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "छान आहे. मी डिकीत बसू का?"

जुनी उंच गाडी परवाच दिराला दिली. डीलरनं महिन्याची मुदत दिलीय, नको वाटली तर परत. तशी वेळ येणार नाही, असं त्याला ठणकावून सांगून आले.

३ नोव्हें., सोम.
पहिल्यांदा क्लिनिकला नेली. रोजचाच भिवंडीतला कल्याण नाक्याचा रस्ता, पण त्यात किती खड्डे आहेत ते आज कळलं. जुनी गाडी निम्मे गिळून टाकायची. ही एकही गिळत नाही, सगळे थेट माझ्या कमरेत आणून पोचवते. शेजारी ट्रेलर आला की माझं डोकं त्याच्या चाकाच्या नटांच्या रेषेत. स्पीडब्रेकर तिरके घ्यायचे हे शिकले. ते शिकायच्या आधी खालून जो आवाज आला तो इथे लिहीत नाही.

पॉवरलूमच्या गल्लीतून छप्पर उघडं टाकून गेले. हौस! पोचेपर्यंत डोकंभर कापसाचे तंतू. रिसेप्शनवरची शबाना म्हणाली, "मॅडम, दोन दिवसांत केस पिकले?"

आणि नेमकं उतरताना अन्सारीचाचांनी बघितलं. कमरेचे पेशंट, सहा महिने झाले येतायत. "हमको बोलती हो नीचे मत बैठो, और खुद जमीन पे बैठ के आती हो?" फिजिओथेरपिस्टनं ही गाडी घेणं म्हणजे दातांच्या डॉक्टरनं चिक्कीचं दुकान काढणं.

संध्या. येताना कमरेमागे टॉवेलची गुंडाळी लावली. बरं वाटलं.

६ नोव्हें.
मेकॅनिकला विचारलं, थोडी मऊ होईल का. म्हणाला, "ताई, ही बांधलीच अशी आहे. हवा जरा कमी करून देतो." दिली. फरक एवढाच की आधी खड्डा ओरडायचा, आता नुसता बोलतो.

पण परत येताना साडेपाचचं ऊन, छप्पर उघडं, रस्ता जरा मोकळा. गाणं म्हणत आले. सिग्नलला कोणीतरी मोबाईलवर शूटिंग करत होतं तरी थांबले नाही. ही गाडी माझी आहे.

९ नोव्हें., रवि.
दिघाशी. हे आईचं गाव. एक रविवार सोडून तिला अकलोलीच्या गरम कुंडावर नेते, तिच्या गुडघ्यांसाठी. माझा त्या पाण्यावर फारसा विश्वास नाही, पण तिचा आहे, आणि बाबा गेल्यापासून ती एकटी राहते, तेवढंच तासभर बोलणं होतं.

गाडी दारात लागली आणि अख्खा पाडा गोळा झाला. आईनं नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं, बॉनेटवर हळदकुंकू. "कोनाची गो गारी?" "माज्या पोरीची. नवऱ्याची न्हाय, तिची." हे वाक्य तिनं चार जणींना चार वेळा ऐकवलं.

आई बसली म्हणजे आत पडलीच. मग हसत सुटली. पदर कानांवरून बांधला आणि निघालो. पहिल्या खड्ड्याला म्हणाली, "बैलगारीन बसल्यावानी वाटतंय." खूश होती. फार खूश होती.

अकलोलीला उठता येईना. मी नेहमीसारखा हात दिला, अर्धी आली आणि परत बसली. पुन्हा तेच. फुलवाल्या दोघी आल्या, मग नारळवाला मागून काखेत हात घालून. चौघांनी मिळून माझ्या आईला उचलून काढलं. साडी विस्कटली, लोक बघत होते. तिनं पदर सारखा केला, कुंडापाशी गेली, पाण्यात बोटं बुडवली आणि म्हणाली, "पानी थंड हाय आज. चल घरा."

पाण्यातून वाफा येत होत्या.

घरी परतलो. दारात शेजारच्या पार्वतीकाकीनं आणि मी काढलं तिला. "या गारीन मी परत न्हाय बसाची," एवढंच बोलली आणि आत गेली.

११ नोव्हें.
प्रकाश म्हणाला, परत कर. चेष्टा नाही, नीट म्हणाला. मी भडकले. सगळ्यांना पुरेल असा स्वयंपाक, सगळ्यांना पुरेल अशी गाडी, सगळ्यांना जमेल अशी सुट्टी, आणि एक वस्तू मी माझ्यासाठी घेतली तर... तो म्हणाला, "मला पुरत नाही म्हणून नाही म्हणत. आई कशात जाणार?"

बरोबर आहे त्याचं. म्हणूनच जास्त राग आला.

१३ नोव्हें.
दुपारी पेशंट नव्हते. क्लिनिकची टेप घेऊन खाली गेले आणि गाडीची सीट मोजली. जमिनीपासून चौदा इंच. क्लिनिकची खुर्ची अठरा. जुन्या गाडीची सीट आईच्या जवळजवळ कमरेला यायची, त्यातून ती उठतच नव्हती, नुसती घसरून उभी राहायची.



पासष्टच्या पुढचं कोणीही आलं तर माझी पहिली टेस्ट ठरलेली: हात छातीशी, खुर्चीतून पाच वेळा उठा. येईल त्याची घेते. आईची कधी घेतली नाही. दोन वर्षं उंच गाडीतून उतरवून आणलं आणि समजून चालले की ठीक आहे सगळं. मी, जी सगळ्या भिवंडीचे गुडघे तपासते!

पार्वतीकाकीला फोन केला. आधी टाळाटाळ, मग बोलली. दसऱ्याला आई मोरीत पडली होती. अर्धा तास तशीच. "तुला सांगू नको बोलली, बाय. शपथ घातली मना."

गाडीचा विषय डोक्यातून गेला.

१६ नोव्हें., रवि.
दिघाशी. आई ओटीवर. गाडीकडे बघितलंसुद्धा नाही.

"तू पडलीस आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगतला असता त तू मना भिवंडीला नेली असती."

खोटं कसं बोलू? गेले तीन दिवस मनातल्या मनात पुढच्या खोलीतलं कपाट हलवून तिथे तिची खाट टाकतेय मी. तसं बोलून दाखवलं. आई म्हणाली, तिला तिचं अंगण हवं, तिच्या कोंबड्या हव्यात, आमच्या चौथ्या मजल्यावर ती खिडकीत बसून मरेल. मी म्हटलं, आणि इथे मोरीत पडून मेलीस तर? फार मोठ्यानं म्हटलं. काकी दारातून परत गेली.

मला भीती वाटते. साधी, लहानपणी वाटायची तशी. प्रकाशलाही सांगितली नाही, इथे लिहिते.

१८ नोव्हें.
सकाळी ११. पुढचा पेशंट आत पाठव म्हणून सांगितलं आणि आत कोण, तर आई. गावाहून एसटी धरून एकटी आली होती. शबानाकडून नंबर घेतला होता, सहावा. तासभर बाहेर बाकावर बसली, ओळख दिली नाही.

"तू इथे कशी?"

"मी पेशंट हाय आज. आईशी बोलतस तशी नको बोलू. खालून वर कसा उठाचा ता शिकव."

दोन वर्षं तिला व्यायाम सांगतेय. दर वेळी 'व्हय व्हय' म्हणून चहा टाकायला उठून जायची. आज वाद नाही, काही नाही. टेस्ट घेतली. हात छातीशी. एकदा उठली. दुसऱ्यांदा नाही. मी कागदावर '१' लिहिलं.

खुर्चीवर दोन उशा ठेवून सुरुवात. पाय मागे, नाक पुढे, मग उठ. दहा वेळा सकाळी, दहा संध्याकाळी. मोरीत धरायला दांडी बसवून घेणार, हेही कबूल केलं. मात्र तिचीही एक अट: भिवंडीच्या खाटेचं नाव काढायचं नाही. तूर्तास गप्प बसले.

२५ नोव्हें.
आईची तिसरी खेप. एक उशी काढली. सलग चार. शेजारच्या खाटेवरून अन्सारीचाचा मोजत होते, "शाबास अम्मा, और एक!" चाचांपुढे हरायचं नाही म्हणून पाचवं केलं. मग घामाघूम झाली आणि गुडघा धरून बसली. दुखतं तिला. हे वय, ही झीज, किती सुधारेल ते मला पुस्तकातून माहीत आहे आणि ते आकडे फार गोड नाहीत. पण चारचे पाच झाले हेही खरंच आहे.

जाताना विचारलं, "ती तुजी गारी किती खाली हाय?" दाखवलं हातानं. "आनि ही खुर्ची?" तेही दाखवलं. मधलं अंतर दोन बोटांत धरून बघितलं तिनं, चार इंच.

२८ नोव्हें.
डीलरचा फोन. "मॅडम, मुदत संपतेय, काय करायचं?" ठेवतेय, सांगितलं. प्रकाश पेपरमागून म्हणाला, "आणि कंबर?" टॉवेल आहे. "आणि आई?" तिला दवाखान्यात न्यायची वेळ आली तर दिराकडून उंच गाडी मागून घेईन, तो नाही म्हणायचा नाही. पण रोजच्याला ती गाडी आता नको. तिच्यात बसून मला आईचे गुडघे दिसत नव्हते.

आणि उगाच थोरपणा नको, गाडी मला आवडते हे पहिलं कारण.

३० नोव्हें., रवि.
दिघाशी. आई आंघोळ करून, चांगलं लुगडं नेसून अंगणात उभी. अकलोलीला जाऊ म्हटलं तर म्हणाली, आधी ही. बोट गाडीकडे.

छप्पर उघडलं. या वेळी पडली नाही. पाठमोरी उभी राहिली, सीट हातानं चाचपली, टेकली, मग दोन्ही पाय एकदम आत घेतले. शिकवलं होतं अगदी तसं. पुन्हा पाय बाहेर. पाय मागे, नाक पुढे. मी काखेत हात घालायला वाकले.

"हात नको लावू."

मागे सरले. माझ्या पेशंटांसमोर मी ही अशी, हात पाठीमागे बांधून, रोज उभी राहते. आज बोटं एकमेकांत रुतली होती.

पहिल्यांदा जागची हलली नाही. दुसऱ्यांदा सीटवरून वर आली, वीतभर, मांड्या थरथरायला लागल्या आणि परत बसली. तिसऱ्यांदा त्याहून थोडी वर. अगदी थोडी. तोंड लाल, श्वास लागलेला. मला आता पुढे होऊन तिला उचलावं असं इतकं वाटलं, इतकं, आणि मी नाही उचललं.

आई दम खाऊन मागे टेकली. कपाळ पुसलं. मग पाय आत घेतले, दार ओढून लावलं आणि पदर कानांवरून बांधायला लागली.

"चल, चालू कर."

"आई, अगं अजून उठता येत नाहीये तुला. तिकडे पोचल्यावर उतरणार कशी?"

"उतराचा तवा बगू."