काचेच्या कपाटातलं बायबल

३ मार्च, सोमवार
फेब्रुवारी, अमेरिकेतला कृष्णवर्णीय इतिहासाचा महिना, संपला, तरी कॉलेजातल्या आमच्या विविधता विभागाचं त्यासाठीचं प्रदर्शन मी उतरवलेलं नाही. काचेच्या कपाटात ऑडेसाआत्याचं जुनं बायबल इतकं शोभतं की कॉलेजचे पाहुणे माझ्या दाराशी थबकतात.
आत्याचा फोन. बायबल परत हवंय. साठ वर्षांपूर्वी शहराने कटलर स्ट्रीटवरची आमच्या लोकांची घरं पाडली, त्याची भरपाई म्हणून आता घरं देणार आहे. तिथे राहत होतो याचा पुरावा हवा. त्या वस्तीचं दप्तर नगरपालिकेनेच हरवलंय. पण बायबलच्या पहिल्या पानांवर आजीने सगळ्यांचे जन्म लिहून ठेवलेत, घर नंबरासकट. मुदत २८ तारखेपर्यंत. भरपूर वेळ आहे.
ठरवलं: शुक्रवारी नेऊन देणे.

७ मार्च
नेलं नाही. १६ तारखेला चर्चच्या हॉलमध्ये वादविवाद आहे: आमच्या लोकांना न्याय कशातून, भरपाई की विविधता. विविधतेच्या बाजूने मी, भरपाईच्या बाजूने आत्या. बायबल आत्ता दिलं तर ती ते सगळ्यांसमोर उंच धरणार आणि मंडळी डोळे पुसणार. हे नियमात बसत नाही.
दारावरची माझ्या नावाची पाटी कुणीतरी काढली. रंगकाम असेल. किंवा बढतीची नवी पाटी.
ठरवलं: वाद झाल्यावर देणे.

१२ मार्च, सकाळी ९
कॉलेजच्या वेबसाइटवरून आमच्या विभागाचं पान गायब. दुरुस्ती चालू असावी.
उपाध्यक्ष हॅनलीसाहेब लिफ्टमध्ये भेटले. घरचे बरे आहेत ना, असं दोनदा विचारलं. एरवी हवामानापलीकडे जात नाहीत. रिसेप्शनवरची रोंडा म्हणाली, प्रुइटसाहेब, मोलाचं काही असेल तर घरी न्या, मला लक्षणं ठीक दिसत नाहीत. रोंडाला जिथे तिथे भूत दिसतं.

१६ मार्च, रविवार
वाद जिंकलो. टाळ्या आत्याला जास्त पडल्या, पण सगळ्यांसाठी तळलेले मासे तिनेच केले होते.
मी म्हणालो, भरपाई एकदा मिळते आणि संपते. आमचा विभाग कायमचा आहे, पिढ्यान्‌पिढ्या दारं उघडी ठेवणारा. तीन वर्षांत अकरा कृष्णवर्णीय प्राध्यापक आणले.
आत्या काठी टेकत उठली. म्हणाली, लायनेल बाळा, त्या अकरा जणांचं मला कौतुकच आहे. पण माझं घर पाडून तुझ्या कॉलेजला गाड्या लावायला जागा केली, आणि साठ वर्षांनी त्यांनी त्यातली एक जागा तुला दिली. हा तुझा न्याय. दार त्यांचं तर कुलूपही त्यांचंच रे. मला माझं दार हवंय.
मग गुडघा धरून बसली. ती तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. या हिवाळ्यात जिन्यात दोनदा पडली. वाईट वाटलं. पण मुद्दा म्हणून कच्चा.
निघताना बायबलचं विचारलं. उद्या नक्की, म्हणालो.

२१ मार्च
हॅनलीसाहेबांचा निरोप: सोमवारी दहाला भेटू, कर्मचारी विभागाच्या बाईही असतील. बढतीच. अशा दिवशी कपाट रिकामं बरं दिसणार नाही.
ठरवलं: सोमवारी संध्याकाळी बायबल आणि बातमी दोन्ही आत्याला देणे.

२४ मार्च
मीटिंग सहा मिनिटं चालली. 'बंद' हा शब्द कुणी वापरला नाही. पुनर्रचना म्हणाले. पहारेकरी मला गाडीपर्यंत सोडायला आला, कार्ड काढून घेतलं. बायबलचं मी सांगितलं. हॅनलीसाहेब म्हणाले, सगळं सामान खोक्यात भरून घरपोच येईल, निश्चिंत राहा.
निश्चिंत आहे. चार दिवस आहेत.

२७ मार्च
खोकं नाही. साहेब फोन उचलत नाहीत. आत्याला सांगितलं, वाटेत आहे. तिने अर्जाचे बाकी सगळे रकाने भरून ठेवलेत.

२८ मार्च, शुक्रवार
दुपारी दोनला खोकं आलं. कप, कुंडी, दोन प्रशस्तिपत्रं. सोबतच्या यादीत शेवटची ओळ: प्रदर्शनाचं साहित्य, नष्ट केलं. रोंडाला फोन लावला. ती म्हणाली, कचऱ्याची गाडी मंगळवारीच गेली हो, साहेब.
आत्याचे तीन जिने चढलो. अर्ज टेबलावर होता, तिने बाहेर जायचा कोट घातला होता. सांगितलं. ती ओरडली नाही. म्हणाली, आईचं अक्षर तेवढं एकच होतं माझ्याकडे. मग म्हणाली, मला तिथे ने.
कॉलेजच्या आवारात माझ्या जागेवर दुसऱ्याची गाडी होती. आत्याने काठीने मागचं चाक दाखवलं. इथे आमचं स्वयंपाकघर, म्हणाली, आणि माझा जन्म तिथे, त्या खांबापाशी.
तेवढ्यात पहारेकरी आला, सोमवारचाच. अदबीने म्हणाला, इथे बाहेरच्यांना थांबता येत नाही, तुमचा इथे काही संबंध असल्याचा पुरावा आहे का.
आत्या माझ्याकडे बघत राहिली. मी खिसे चाचपले.