पट्टीखालचा नंबर

मखमलाबाद, नाशिक
बुधवार, २९ ऑक्टोबर २०२५

चि. रविराज यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तू, योगिनी आणि आरोही बंगळुरूत खुशाल असाल; नसण्याचं काही कारण मला तरी दिसत नाही. आबांचा खोकला कमी आहे. दिवाळीला झेंडू चांगला गेला, मागून आलेल्या अवकाळीने उरलेला जागेवर कुजवला. ओढ्याकडच्या तुकड्यात अजून गुडघाभर चिखल आहे.

पत्र पाहून तुला हसू येईल. हसून घे. फोनवर माझं दुसरं वाक्य सुरू झालं की तुझी मीटिंग सुरू होते आणि व्हॉट्सॲपवर चार ओळी लिहिल्या की तू अंगठा पाठवून मोकळा होतोस. म्हणून कुरियरने कागद पाठवते आहे.

भाऊबीजेला तू आला नाहीस याचं मला नवल वाटलं नाही. ओवाळणीऐवजी तू माणूस पाठवलास, तोही आबांच्या विलीज पिकअपची किंमत काढायला, याचं मात्र थोडं वाटलं. आधी तुझा निरोप आला होता, 'गाडी धुऊन ठेव, आबांना जास्त काही सांगू नकोस.' आबा त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, रवि, त्यांच्या डोक्याला काही झालेलं नाही. त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच गाडीखाली एक परका माणूस उताणा झोपणार आणि मी त्यांना काय सांगायचं होतं, की गॅसवाला आलाय?

मंगळवारी तो आला. रोहित नाव, पुण्याचा. पांढरे बूट घालून चिखलात उतरला, तेव्हाच मी त्याची काय ती किंमत केली. मग हातमोजे चढवले, कपाळाला दिवा बांधला आणि फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन गाडीच्या अंगावरून फिरवायला लागला. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नसून लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली, असं त्याचं म्हणणं. आबा पडवीतल्या खाटेवर बसून बघत होते.

"डाक्टर हाय का हा?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, "हो, रविने पाठवलाय."

"मंग गाडीला काय झालंय?"

मी सांगितलं की गाडीला काही झालेलं नाही, रविला ती विकायची आहे. गोव्याच्या कुठल्या हॉटेलवाल्याला ती दारात उभी करायची आहे, लोक तिच्याजवळ उभे राहून फोटो काढतील. आबांनी पानाचा डबा उघडला आणि तसाच मिटला.

रोहितने तोंडभर कौतुक केलं, ते तुला आवडेल म्हणून लिहिते. चारही चाकांना ताकद देणारी, मागच्या मूळ हौद्यासकट असलेली ही पिकअप आता देशात फारशी उरली नाही म्हणे. धरणाच्या कामावरची गाडी लिलावात घेतलेली, तेव्हापासून एकाच घरात, एकाच नावावर. तो सारखा 'मूळ' म्हणत होता. मूळ टेललाइट, मूळ फळ्या, मूळ गंज. कावळ्याने घाण केलेला टपसुद्धा त्याने मूळ म्हणून फोटोत घेतला असेल. एक गोष्ट तेवढी त्याला खटकली. डॅशबोर्डवरचा हातॲक्सिलेटर, पायाऐवजी हाताने ओढायचा. "हा नॉब मूळ नाही, आणि वायरही बदललेली. इतकी कशाने झिजली?" मी म्हटलं, वापरून. त्याने ते उणे धरलं.

मग त्याने बॉनेट उघडलं आणि गाडीच्या नंबराची पाटी मागितली.

पाटी तुला आठवते का? इंजिनाच्या मागे, पत्र्यावर रिव्हेट मारून बसवलेली. नंबर म्हणजे गाडीचं नाव, असं आबांचं म्हणणं, म्हणून दसऱ्याला आई पूजा करायची ती स्टिअरिंगची नाही, त्या पाटीची. तेलात कालवलेला शेंदूर, त्यावर हळद-कुंकू, वरून नारळाचं पाणी. आई गेल्यावर मी करत आले. आता तिथे पाटी नव्हती, शेंदराचा बोटभर जाड गोळा होता. रोहित खरवडायला पत्ती काढत होता, तसा आबांनी खाटेवरून हात वर केला.

"तसं नाय करायचं. वणीच्या गडावर देवीचा शेंदूर उतरवला तवाबी आधी पूजा केली व्हती."

मग तुझ्या पुण्याच्या तज्ज्ञाने पांढरे बूट काढून अनवाणी पायांनी नारळ धरला, मी दिवा लावला, आबांनी बसल्या जागेवरून हात जोडले. तो गुमान सगळं करत होता, हे मला आवडलं नाही. त्याने नाक मुरडलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

थिनरने शेंदूर निघाला. खाली पाटीची चाळणी झाली होती. नारळाच्या पाण्याने आणि हळदीने सगळे आकडे खाल्ले होते, सुरुवातीची दोन अक्षरं कशीबशी उरली होती. ज्या नंबराला आम्ही बायकांनी इतकी वर्षं देव मानलं, तो आम्हीच पूजा करकरून संपवला. तुला राग आला असेल. मला हसू आलं, आणि तुझ्या माणसालाही आलं, पण त्याने ते खोकून लपवलं.

तो म्हणाला, हरकत नाही, चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावरही नंबर ठोकलेला असतो, पुढच्या चाकाजवळ. आणि तो खाली शिरला.

इथे काल मी लिहायची थांबले. आबांची औषधं आणायला पंचवटीत जायचं होतं, असं मी स्वतःला सांगितलं. औषधं अजून पुरली असती.

तर, रोहित गाडीखालून बाहेर आला तो चेहरा बदलून. चासीवर नंबराच्या जागी एक जाड लोखंडी पट्टी वेल्डिंग केलेली आहे. तो मला म्हणाला, "मॅडम, ही पट्टी कशाची? चासी इथे मोडलेली होती. तुमच्या भावाने तर मला फोनवर स्पष्ट सांगितलंय, गाडीला कधीही अपघात झालेला नाही."

असं सांगितलंस तू. स्पष्ट.

मला वाटलं होतं, तू निदान विसरल्यासारखं करशील. विसरलेल्या माणसावर मी चिडू शकले नसते. पण तू विचार करून सांगितलंस, कारण अपघात म्हटला की किंमत पडते. तुझं हे पहिल्यापासूनचं आहे, तुला फायद्याचं तेच घडलेलं असतं.

मग मी इथे लिहून ठेवते, म्हणजे कुठेतरी लिहिलेलं राहील. मी बावीस वर्षांची होते, तू एकोणीस. नवरात्रात गडावर द्यायची फुलं घेऊन आपण निघालो. वणीपर्यंत आबांच्या गड्याने चालवली. तिथे त्याला तू चहाला उतरवलंस आणि तो टपरीत पाठमोरा असताना चावी फिरवलीस. पुढे तुझ्या मित्रांची जीप होती, तिला मागे टाकायचं होतं तुला. मी दोनदा म्हटलं, रवि, घाट आहे. नांदुरीच्या वळणावर गाडी कठड्यावरून खाली दगडावर बसली. तुला ओरखडासुद्धा आला नाही, आणि माझा उजवा गुडघा आतून फुटला. मी शुद्धीवर आले तेव्हा दवाखान्यात सगळे मला एकच विचारत होते, तू चालवायला घेतलीसच कशाला? तू कोपऱ्यात उभा होतास आणि माझ्याकडे बघत नव्हतास. पोलीस येऊन गेले होते. तुझं त्यांना सांगून झालं होतं, ताई चालवत होती.

मी तुला खोटं पाडलं नाही. तुझं कॉलेज, तुझ्याकडे लायसन नाही, आई हात जोडून देवासमोर बसलेली. मला वाटलं, घरी गेल्यावर तू स्वतःच सांगशील. महिनाभर वाट पाहिली. मग विंचूरचं स्थळ आलं होतं ते परत गेलं. पाय अधू म्हणून नाही, पाय त्यांनी चालवून घेतला असता. 'घाटात गाडी घालणारी पोरगी आम्हाला नको' असा निरोप होता. तो निरोप तू ऐकलास, पडवीतच होतास. तुझ्या ताटात भाकरी होती आणि तू ती पूर्ण खाल्लीस. त्यानंतर तू कितीही मोठा झालास, कितीही लोकांचा साहेब झालास, मला तू कायम ती भाकरी खातानाच दिसतोस.

हे सगळं माझ्या आत होतं आणि रोहित समोर उभा होता. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात आबाच बोलले.

"झाला व्हता अपघात. माह्या पोरानं घाटात घातली व्हती."

मी आबांकडे पाहिलं. आबा माझ्याकडे बघत नव्हते, रोहितला सांगत होते, शांतपणे, पावसापाण्याचं सांगावं तसं. "गाडी वर काढली तवा क्लचखाली त्याची चप्पल आडकेल व्हती. ही तं तिकडच्या दारात चिमटली व्हती. मला काय दिसत नाय का?"

इतकी वर्षं, रवि. आबांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

रोहित हातमोजे काढून, पाणी मागायच्या निमित्ताने, विहिरीकडे निघून गेला. माणूस वाईट नव्हता, हे लिहायला मला जड जातं. मी आबांना विचारलं, मग मला का बोलला नाहीत? लोकांना का सांगितलं नाहीत?

"बोललो आसतो तं पोरगा घरातून गेला आसता," आबा म्हणाले. मग म्हणाले, "तरी गेलाच."

तुला वाटेल मी रडले. मला संताप आला. तुमच्या दोघांचाही. तू घाबरट म्हणून गप्प, ते समजूतदार म्हणून गप्प, आणि तुम्हा दोघांची अब्रू जी सांभाळली ती माझ्या गुडघ्यावर. आबांच्या त्या समजूतदारपणाची मला शिसारी आली, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलं. त्यांनी मान हलवली. "हाय, चूक हाय माही," म्हणाले. तेवढं एक वाक्य या घरातला एक पुरुष तरी बोलला.

मग एकेक गोष्टी लागत गेल्या. माझं प्लास्टर निघाल्यावर आबांनी गाडीला तो हातॲक्सिलेटर नवा बसवून घेतला होता आणि मला म्हणाले होते, पाय वाकत नाय तं हातानं दे, चालव. मला तेव्हा वाटलं, गाडी दरीत घालूनही बाप आपल्याला माफ करतोय. ते ओझं मी कायम वागवलं. आणि तुला त्यांनी पुन्हा कधी चावी दिली नाही, त्याला तू आबांचा हट्ट म्हणायचास, बायकोसमोर चेष्टा करायचास.

आता कामाचं लिहिते. रोहितने दोन किमती काढून तुलाही कळवल्या आहेत. पट्टी कापून खाली नंबर निघाला आणि कागदाशी जुळला, तर अपघात धरूनही अठरा लाख. नाही कापली, तर चार. काल सकाळी लगेच तुझा मेसेज आला, 'कापून घे, फॅब्रिकेशनवाला बोलाव.' पट्टी कशाची आहे हे तू विचारलंसुद्धा नाहीस.

मी फॅब्रिकेशनवाला बोलावणार नाही. ओढ्याकडच्या तुकड्यातून फुलांचे क्रेट रस्त्यावर आणायला त्या चिखलात दुसरी कुठलीच गाडी जात नाही आणि माझा पाय तर अजिबातच जात नाही. ती गाडी माझे पाय आहेत, हे मी तुला याआधी सांगायला हवं होतं. पण तुझ्यापुढे पायाचं नाव काढायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तुझी लाज मीच राखत बसले होते. आता पुरे.

आबांचं म्हणणं वेगळं आहे. ते म्हणतात, गाडीत अर्धा वाटा त्याचा, त्याला विकायची तर विकू दे. पण पट्टी त्याने स्वतः येऊन कापायची. गाडीखाली उताणं झोपून, स्वतःच्या हाताने. ते शेजारी खाट टाकून बसणार आहेत. आणि त्याआधी गावातल्या चार लोकांसमोर आणि माझ्यासमोर सांगायचं, की तिथे पट्टी का मारावी लागली. एवढं केलंस की अठराच्या अठरा लाख घेऊन जा, मला त्यातला रुपया नको.

तू येणार नाहीस, अशी माझी खात्री आहे. आबांची नाही. ते काल माझ्याकडून तुझी जुनी खोली झाडून घेत होते, आणि मी झाडली.

योगिनीला हे पत्र वाचायला दे किंवा देऊ नकोस, तुझी मर्जी. आरोहीला मात्र एकदा विचार, तिला तिच्या आत्याचा पाय कशाने गेला असं सांगितलं आहेस.

त्या दिवशी शेजारच्या सीटवर बसलेली,
तुझी ताई,
प्रतिभा