परिषदेआधीचं लोणचं

पप्पा, तुम्ही खोटं बोललात, आणि तेही बिशपसाहेबांसमोर! दुपारपासून मला हे पचतच नाहीये. बेकरीवाल्याने चुकून एक पाव जास्त दिला म्हणून मला भर उन्हात परत धाडणारे तुम्हीच ना?

यंदा आपल्या चर्चच्या मंडळीने मला प्रादेशिक परिषदेसाठी प्रतिनिधी निवडलं. तुम्ही पोट धरून हसला असता. तिथे काही बदललेलं नाही. एका बाजूला पाळक, दुसऱ्या बाजूला आम्ही मंडळ्यांचे लोक, आणि अहवालापासून शाळेच्या गळक्या छपरापर्यंत सगळ्यावर हात वर करून मतदान. मत नाही ते एकाच गोष्टीला, कुठला पाळक कुठे जाणार याला. ते बिशप आणि जिल्ह्यांचे अधीक्षक बंद दाराआड ठरवतात. शेवटच्या दिवशी प्रार्थना झाली की बिशप यादी वाचतात, ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं, आणि हू की चू करायचं नाही. म्हणून तर परिषदेआधी मम्मी कधी लोणचं घालायची नाही. "मी घालणार आणि खाणार कोण, देव जाणे!" असं म्हणायची. फक्त त्या वर्षी तिने लिंबाची मोठी बरणी भरली. तुम्ही अधीक्षक झाला होता. "या वेळी आपलाच माणूस आत बसलाय, घाबरायचं कशाला?" बेव्हर्ली पार्कचा तो पाळकनिवासाचा फ्लॅट, तिची नर्सिंग होममधली नोकरी, तुमच्या हृदयाचे डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर. तिला वाटलं, आता इथेच टेकलो.

आणि बिशप तुमचं नाव वाचतायत. घाटापलीकडचं गाव, जिथे जायला कुणीच तयार नसायचं. तुम्ही उभे आहात, शांत. मम्मी माझा हात घट्ट धरून म्हणतेय, "चुकून वाचलं असेल गं." घरी येताना रिक्षात तिने बिशपना इतकं झोडपलं की रिक्षावाला आरशातून बघत होता. "माणसाचं हृदय धड नाही, दिसत नाही का त्यांना?" तुम्ही बाहेर बघत नुसतं "हं" म्हणालात. ट्रकमध्ये सांडेल म्हणून बरणी नव्या पाळकांच्या बायकोसाठी ओट्यावर ठेवून आपण निघालो. दुसऱ्या उन्हाळ्यात तिकडे तुमच्या छातीत कळ आली. घाट उतरून दवाखान्यात पोचेपर्यंत तुम्ही राहिला नाहीत.

आज चहाच्या वेळी एक निवृत्त अधीक्षक शेजारी येऊन बसले. त्या वर्षी बंद दाराआड तुमच्यासोबत तेही होते. कौतुक करायच्या भरात म्हणाले, "तुझ्या पप्पांसारखा माणूस नाही बघितला. त्या गावी एका तरुण पाळकाचं नाव लागलं होतं. त्याच्या बायकोची दोन बाळंतपणं फुकट गेलेली, तिसऱ्यांदा दिवस राहिलेले. तुझे पप्पा म्हणाले, त्याला इथे माझ्या जागी ठेवा, मी जातो. बिशप नाहीच म्हणत होते. शेवटी विचारलं, 'घरी विचारलंय का?' तर हे म्हणाले, 'हो, विचारलंय.'"

कधी विचारलंत, पप्पा? कुणाला? त्या बाईला मूल झालं, आपल्याच ओट्यावरचं लोणचं तिने खाल्लं, याचं मला खरंच बरं वाटतं. पण मम्मीला एकदा विचारायचं तरी होतं. कदाचित ती चिडून, रडून हो म्हणाली असती. की नाही म्हणेल याचीच भीती होती? मला तुमचा अभिमान वाटायला हवा, आणि मला नुसता राग येतोय.

मम्मी आता जेसल पार्कला माझ्याकडेच असते. ते बिशप कधीच निवृत्त झाले, पण कुठलेही बिशप मंडळीत आले की ती त्यांच्या हातून प्रभुभोजनाची भाकर घ्यायला पुढे जात नाही, बाकावरच बसून राहते. हा कागद रात्री फाडूनच टाकावा लागेल, कारण माझी पर्स ती रोज झटकते. मघाशी दार उघडल्या उघडल्या तिने विचारलं, "काय गं, यंदा कोणाला कुठे फेकलं?" मग नेहमीचं सुरू झालं, "तुझ्या पप्पांना त्या बिशपनेच मारलं." मी चपला काढता काढता थांबले. सांगणार होते, अगदी ओठांवर आलं होतं. आणि मी नुसतं "हं" म्हणाले.