आईचा पोर्ट कुठे बसवायचा

४ फेब्रुवारी, मंगळवार
आईच्या छातीला आता चीर देणार म्हणे! कॅन्सर उलटलाय हे पचवतोय तोवर हे नवीन. मागच्या केमोने हातातल्या शिरा पार गेल्या, सुई जाईना. नर्स दोन्ही हात चाचपत बसली. म्हणून गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक डबी बसवायची — पोर्ट. औषध तिच्यातून, नळीवाटे मोठ्या शिरेत जाणार. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

६ फेब्रुवारी, गुरुवार
परळच्या हॉस्पिटलात हे काम ऑपरेशन थिएटरमध्ये करतच नाहीत. एक्स-रे मशीनच्या खोलीत! तेवढी जागा बधिर करायची, पेशंट जागाच, संध्याकाळी घरी. थिएटर का नाही, मी दोनदा विचारलं. डॉक्टर म्हणाले, "खोली तितकीच स्वच्छ ठेवतो. शिवाय नळी कुठे पोचली ते तिथल्या तिथे दिसतं." त्यांना बोलायला काय जातं, आई माझी आहे.

७ फेब्रुवारी
अजितदादा भडकला. "आईला काय दात काढायला नेतोय का आपण?" त्याला गिरगावचं नर्सिंग होम हवंय — खरं थिएटर, पूर्ण भूल, एसी खोली. करी रोडच्या टॉवरमध्ये राहायला गेल्यापासून याला एसीशिवाय काही खरंच वाटत नाही. पण मनातून मलाही त्याचं पटत होतं.

१० फेब्रुवारी, सोमवार
गिरगावला जाऊन आलो. सगळं चकाचक. मी सहज विचारलं, असे किती पोर्ट बसवता? डॉक्टर प्रामाणिक निघाले — "महिन्याकाठी एखादा." परळला रोज बसवतात! आणि मागाहून ताप आला, जागा लाल झाली तर? "तर परळच गाठा." माझं तिथेच परळ ठरलं. दादाला तरी थिएटरच हवं. फुटपाथवरच कडाक्याचं भांडण झालं. म्हणाला, "आईला काही झालं तर तू जबाबदार." सख्ख्या भावाने असं बोलावं? आई टॅक्सीत बसून ऐकत होती.

११ फेब्रुवारी
दादाचा फोन नाही. मीही केला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार
शेवटी आईनेच निकाल लावला. "परळाक करूया. माका चलात." दादालाही तेवढंच सांगून तिने फोन ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
झालं — एकदाचं झालं! ताप नाही, काही नाही. आई आत डॉक्टरांशी गावच्या आंब्यांबद्दल बोलत होती म्हणे. दादा बाहेर माझ्याशेजारी येऊन बसला. "बरं झालं तुझं ऐकलं," म्हणाला. मला रडूच आलं. सोमवारी या खेपेची पहिली केमो.

१७ फेब्रुवारी, सोमवार
आई साडी बदलेना. टॅक्सी खाली थांबलीय गं, म्हटलं.
"तुमचा दोघांचा भांडाण मिटांदे म्हणान मी ता बसवन घेतलंय. औषध माका नको गो, प्रिती. मागच्या खेपेक सोसलंय ता पुरे."
कुठे बसवायचा यावर आठवडाभर भांडलो. केमो घ्यायचीय का, हे तिला आम्ही दोघांनीही विचारलं नाही.